त्या स्टिकरवर मीही हसलो

राजेहो, मला बोलावलं होतं पोळ्याच्या आठवणी सांगायला. सांगतोच. पण दहा दिवसांपूर्वी घरात जे भांडण झालं, ते डोक्यातून जात नाही.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव. दादाची मुलगी दहावीत. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, उभी असलेला तिचा फोटो कुण्या पोट्ट्यानं कापून स्टिकर केला, खाली लिहिलं 'बुजगावणं'. फिरत फिरत तो घरच्या ग्रुपवर आला. मी तीन हसरे चेहरे टाकले. तिनंही एक टाकला.

माझी लेक म्हणाली, "बाबा, ती हसली नाही. तिनं फक्त हसरा चेहरा टाकला."

मी लागलो समजवायला. अगं, आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी गाणी, म्हणतात, भल्याभल्या पाटलाची टोपी उडवतात, कोणी रागावत नाही. पोळा फुटला की बैल घरी, माणसं घरी.

"मग हा कधी फुटतो?"

मी म्हटलं, जेवून घे.

जेवताना तिनं बोटं मोजली. रात्री-बेरात्री शिव्या धाडणं हा छळ, एवढं मलाही कळतं. पण विश्वासानं लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट वर्गात फिरवणं? एकटीला वगळून बाकीच्यांचा नवा ग्रुप काढणं? तिच्या नावानं खोटं खातं उघडून भलत्यांशी बोलणं? हे शेवटचं तर पुतणीच्या बाबतीत झालंही होतं. स्टिकर त्याच्या नंतरचा. आम्हाला उशिरा कळलं.

हसू नका. मागच्या गणपतीत वडाभातावरून वाद झाला, तेव्हा आपल्यातल्याच एका घराला न सांगता आपणही दुसरा ग्रुप काढलाच होता. ॲडमिन मीच.

लबाडीनं दुसऱ्याची ओळख वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवा, तारखेसकट. हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पोलिसात कायले जातं बावा, गावात पोरीचंच नाव होते. मी तिचा फोनच काढून घेतला."

म्हणजे छळ पोट्ट्यांनी केला, शिक्षा पोरीला. उद्या दुसरं काही झालं, तर ती घरी सांगेल?

फोन काढून घेतल्याचं कळण्याआधीच मी तिला माफीचा मेसेज टाकला होता. फोन आता दादाच्या खिशात असतो. मेसेजवर निळ्या खुणा आल्यात. वाचला कोणी, माहीत नाही.