टायर नवे घेताना सेन्सरचे काय करावे?

उपस्थित बंधुभगिनींनो,

गाडीचे टायर बदलायला गेल्यावर अलीकडे एक प्रश्न हमखास पुढे येतो: चाकाच्या आत बसवलेले हवेच्या दाबाचे सेन्सरही याच वेळी बदलायचे का? काही दुकानांत चारही सेन्सर नवे घेण्याचा आग्रह होतो, तर काही ठिकाणी त्यांचा विषयही निघत नाही. पहिल्या प्रकारात ग्राहकाचे पैसे वाया जातात, दुसऱ्यात त्याची सुरक्षितता धोक्यात येते. माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. टायर झिजला म्हणून सेन्सर बदलायचा नसतो, तो बदलायचा त्याच्या बॅटरीचे वय पाहून. मात्र सेन्सरच्या व्हॉल्व्हभोवतीचे रबरी सील दर वेळी, न चुकता बदलले पाहिजेत, आणि नेमकी हीच गोष्ट सर्रास राहून जाते.

मुळात आपल्या गाडीच्या चाकांत सेन्सर आहे का, हे आधी पाहावे. डॅशबोर्डवर टायरच्या छेदाची आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा दिसला, म्हणजे चाकात सेन्सर असलाच पाहिजे असे नाही. अनेक गाड्यांत ही यंत्रणा अप्रत्यक्ष असते. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते इतर चाकांपेक्षा थोडे जलद फिरते, आणि एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, आधीच बसवलेल्या वेगमापकांवरून संगणक हा फरक ओळखतो. अशा गाडीत टायरच्या आत बदलण्यासारखे काहीच नसते. नव्या टायरांत योग्य हवा भरून यंत्रणा रीसेट केली की काम झाले. पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब स्वतंत्र आकड्यात दिसत असेल, तर मात्र बहुधा चाकात खरा सेन्सर आहे. खात्री गाडीच्या पुस्तिकेवरून करून घ्यावी.

या यंत्रणेमागचा इतिहास गंभीर आहे. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना बसवलेले फायरस्टोनचे टायर धावत्या गाडीत फाटून अनेकांचे प्राण गेले. २००० मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने नवा कायदा केला. त्यातून पुढे १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा तो २५ टक्क्यांनी घटला की दिवा लागलाच पाहिजे, अशी अट आहे. युरोपीय संघात सर्व नव्या मोटारींसाठी ही सक्ती १ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाली. आपल्याकडे अशी सरसकट सक्ती नाही, पण गरज तितकीच आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता साठत जाते आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. समृद्धी महामार्गावर भर मे महिन्यात तासाला १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत जाणाऱ्या गाडीत हे घडू लागले, तर चालकाला ते हाताला जाणवण्याआधी कळले पाहिजे.

आता बॅटरीकडे वळू. चाकातल्या सेन्सरमध्ये लिथियमची छोटी बॅटरी असते आणि ती सर्किटसह घट्ट भरणीत बंद केलेली असते, त्यामुळे बॅटरी तेवढी बदलता येत नाही. ती संपली की सेन्सर संपला. साधारणपणे ती सात ते दहा वर्षे टिकते. गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ झोपेत असतो आणि चाक फिरू लागले की नियमित संदेश पाठवू लागतो, म्हणून रोज मुंबई-पुणे करणाऱ्या टॅक्सीत ती लवकर संपणार हे उघड आहे. हिशेब सोपा आहे. गाडी चार-पाच वर्षांची असताना पहिल्यांदा टायर बदलत असाल आणि सेन्सर नीट चालत असतील, तर त्यांना हात लावू नये. दुसऱ्यांदा बदलताना ते आठ-नऊ वर्षांचे झालेले असतील, तर तेव्हा चारही बदलून टाकावेत, कारण टायर रिमवरून उतरवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी तुम्ही तशीही देतच आहात. नंतर एकेक सेन्सर बंद पडत गेला, तर प्रत्येक वेळी तेच चाक पुन्हा खोलावे लागते. चारही सेन्सर एकाच वेळी बसवलेले असल्याने पहिल्यामागोमाग दुसराही फार काळ थांबत नाही.

सीलचा मुद्दा मला जरा सविस्तर मांडायचा आहे. प्रेशर कुकर वर्षानुवर्षे चालतो, पण त्याची रिंग आपण वेळोवेळी बदलतो. सेन्सरचेही तसेच आहे. धातूच्या व्हॉल्व्हवाल्या सेन्सरला रिमच्या छिद्रापाशी एक रबरी सील असतो, वर नट असतो, आत व्हॉल्व्हची पिन असते. एकदा दाबून बसलेला रबर पुन्हा तितकाच घट्ट बसत नाही आणि तिथून हळूहळू हवा जाते. हे सुटे भाग किटच्या रूपात मिळतात आणि नव्या सेन्सरच्या तुलनेत स्वस्त असतात. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच घ्यावी. अॅल्युमिनियमच्या नळीत साधी पितळी पिन बसवली, तर दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पिन आतच अडकून बसते. कोकण, मुंबई, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे अधिक लवकर होते. शोभेची धातूची टोपणेही याच कारणासाठी नकोत, प्लास्टिकचीच बरी. नट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळावा.

टायर उतरवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हजवळ पडला तर चांगला सेन्सर तिथेच तुटतो, म्हणून चाकात सेन्सर आहे हे कारागिराला आधीच सांगावे. पंक्चरसाठी पूर्वी आत द्रव ओतला असेल तर तेही सांगावे, कारण त्याने सेन्सरचे बारीक छिद्र बुजू शकते. शक्य असल्यास टायर काढण्यापूर्वी हातातल्या उपकरणाने चारही सेन्सरची नोंद घ्यायला लावावी. मग आधी कोणता चालू होता यावर वाद उरत नाही.

नवा सेन्सर घेताना त्याच्या रेडिओ संदेशाची वारंवारता गाडीशी जुळली पाहिजे. अमेरिकेतल्या अनेक गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, तर युरोपातल्या आणि आपल्याकडच्या गाड्यांचे सहसा ४३३ वर. तिकडचे नातेवाईक प्रेमाने भाग घेऊन येतात, पण हे न पाहता आणलेला सेन्सर गाडीला ऐकूच येत नाही. शिवाय प्रत्येक सेन्सरचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो गाडीच्या संगणकाला ओळखवून द्यावा लागतो. काम झाल्यावर दिवा कसा लागतो ते पाहावे. सतत जळत राहिला तर हवा कमी आहे. सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेतल्या बिघाडाचा इशारा असतो.

बाजारात मिळणाऱ्या, व्हॉल्व्हवर बाहेरून फिरवून बसवायच्या सेन्सर असलेल्या टोपणांची गोष्ट वेगळी. त्यांतली बटणासारखी बॅटरी बदलता येते आणि टायरबदलीशी त्यांचा संबंध नाही. मात्र त्यांचे वजन जुन्या रबरी व्हॉल्व्हला वेगात वाकवत राहते, म्हणून नव्या टायरबरोबर व्हॉल्व्ह नवेच घालावेत.

शेवटी स्टेपनीविषयी. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून, ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि दाबमापक यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना जादा चाकाच्या सक्तीतून सूट दिली. तुमच्या गाडीत स्टेपनी नसेल, तर तिच्या जागी हे सेन्सरच आहेत. अशा गाडीत बंद पडलेला सेन्सर पुढच्या टायरबदलीपर्यंत तसाच ठेवू नये, चाक खोलण्याची जादा मजुरी द्यावी लागली तरीही.