पीटीचा तास कुठे जातो?

पाचवीच्या वर्गाला पीटीचा तास लागला की रांग धरून ठेवणं सरांनाही जमत नाही. चपला पायरीशी टाकल्या, की पोरं मैदानात. लंगडी, खो-खो, नुसती पकडापकडी. मुलगे-मुली एकाच घोळक्यात.

आता त्याच शाळेची आठवी बघा. मुलगे बॅट घेऊन पळाले. मुली बऱ्याचशा कडुनिंबाच्या पारावर. गणवेश बदललाय, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना आहेत. धावायचं तर आधी ती सांभाळायची. पाळी असली की "सर, बरं नाही, बसू का?" सर "बस" म्हणतात, पुढचं कुणीच बोलत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह धड नसेल, तर मैदानात उतरायची हिंमत कोण करणार?

"या वयात मुलींना खेळायची आवडच राहत नाही," असं सर्रास म्हटलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आवड जात नाही, जागा जाते.

नववी-दहावीत तर तासच जातो. "पोर्शन राहिलाय," म्हणत गणिताचे सर वर्गात येतात. आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी गुणपत्रिकेवर येते, पण टक्केवारीत धरत नाहीत. मग पालकही विचारत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. 2016 च्या जागतिक आकडेवारीत 11 ते 17 वयोगटातल्या 81 टक्के मुलामुलींची तेवढी होत नव्हती. मुलगे 78 टक्के, मुली 85. त्याआधीच्या 15 वर्षांत मुलग्यांचं थोडं सुधारलं होतं. मुलींचं जवळपास तसंच राहिलं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही आहे. पण हा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. पुढचा तास राखणं मुख्याध्यापकांच्या हातात. वेळापत्रकात तो छापलेला आहेच. तो दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही, पीटीला ट्रॅकपँट चालेल आणि मुलींसोबत एक बाई मैदानात असतील, एवढं ठरवायला कुठल्या जीआरची वाट बघावी लागत नाही.