गळ, तलाव आणि मोजपट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात, गळाच्या आकड्याला गरी म्हणतात आणि नायलॉनच्या दोरीला तंगूस. घाटावर हे शब्द कमी ऐकू येतात, पण शनिवारी रात्री पुण्याहून निघून रविवारी उजाडायच्या आत एखाद्या तलावाच्या काठी पोहोचणारी आमची पाच-सहा मित्रांची मंडळी ते आवर्जून वापरते. गेली अनेक वर्षे आम्ही असे जात आलो आहोत. या छंदाविषयी, आणि अलीकडे ठिकठिकाणी भरू लागलेल्या हौशी स्पर्धांविषयी, आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

हा छंद साहेबांनी आणला असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा व गळाची सामग्री यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. कोणत्या माशाला कोणता चारा, हा आमच्या मंडळींत दर शनिवारी रंगणारा वाद म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांचा आहे, आणि मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो.

तो वाद पोकळही नसतो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा कितीही सुवासिक असला, तरी तो चुकीच्या खोलीवर लोंबकळत राहिला तर दोरीवरचे तरंगते बूच दिवसभर हलत नाही. ज्याला पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि ऊन चढताना मासा कोठे सरकतो हे कळते, त्याच्याकडे साधी बांबूची काठी असली तरी चालते. मुंबईत 1891 साली बांधलेल्या आणि पाणी पिण्यास योग्य न ठरलेल्या पवई तलावावर हौशी गळवाल्यांच्या कित्येक पिढ्या हेच शिकत आल्या आहेत.

आता स्पर्धांकडे येतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही एका स्पर्धेत उतरलो होतो. नियम साधा होता: सकाळपासून धरलेले सर्व मासे जाळीच्या पिशवीत पाण्यात ठेवायचे, दुपारी दोन वाजता तराजूवर आणायचे आणि एकूण वजनावर विजेता ठरवायचा. मासे नंतर तलावात सोडण्यात येतील, असे आयोजकांनी सांगितले होते आणि त्यांचा हेतूही प्रामाणिक होता. पण तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि गळाशी झुंजून थकलेल्या माशाला तर तो नेहमीपेक्षा अधिक लागतो. आमच्या पिशवीतला साडेतीन किलोंचा रोहू मी तराजूवरून उतरवून पाण्यात सोडला तेव्हा तो कुशीवर कलंडला आणि पुन्हा सरळ झाला नाही. त्या दिवशी आमच्या गटाला तिसरे बक्षीस मिळाले. घरी परतताना गाडीत कोणी बोलले नाही.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की, मासा सोडून द्यायचा असेल तर स्पर्धा वजनावर घेऊ नये, लांबीवर घ्यावी. ओल्या केलेल्या मोजपट्टीवर मासा आडवा ठेवायचा, पंचाने लांबी लिहून घ्यायची, एक छायाचित्र काढायचे आणि मासा तिथल्या तिथे पाण्यात. हे सर्व अर्ध्या मिनिटात उरकता येते. हात आधी भिजवून घ्यावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच असते आणि कोरड्या हाताने ते निघून येते. कल्ल्यांत बोटे घालून मासा उभा लोंबकळत धरू नये. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, तर ती अलगद सुटते. क्वचित एखादा मासा निसटतो, आणि तेवढे सोसावे. सोडताना त्याला ढकलू नये. पाण्यात सरळ धरून ठेवावे. तो आपल्या बळाने हातातून निघतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. कटला, रोहू, मृगळ यांची वीण पावसाळ्यात वाहत्या पाण्यात होते, साठलेल्या पाण्यात सहसा होत नाही. म्हणून या संस्था पैसे खर्चून तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडतात. आपल्या गळाला लागतो तो मासा म्हणजे कोणीतरी पेरलेले पीक असते. संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय काठावर बसणे हे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखे आहे. आपण सोडलेला कटला उद्या त्यांच्या जाळ्यात जाईल, आणि तो जावा. तो त्यांचाच आहे. परदेशातून आलेल्या आणि उजनीसारख्या जलाशयात बेसुमार वाढलेल्या चिलापीला मात्र परत सोडू नये, तो संस्थेच्या स्वाधीन करावा, असे मला वाटते.

महसीर या नदीतल्या माशाची गोष्ट वेगळी आहे. दख्खनच्या महसीरचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली केले ते आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पात्राकडे पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास करून पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आली. असा मासा चुकून गळाला लागला, तर त्याची लांबी मोजण्याचाही मोह टाळून तो पाण्याबाहेर न काढताच मोकळा करावा.

तरुण मित्रांना आणखी दोन गोष्टी सांगतो. धरणाच्या काठचा गाळ फसवा असतो, म्हणून होडीत बसताना तरंगते जाकीट घालावे आणि दारू घरी ठेवावी. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. त्यात पाय अडकून पडलेला पाणकावळा आम्ही एकदा कात्रीने सोडवला आहे.

जून ते ऑगस्ट आमचे गळ माळ्यावर असतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढतात, त्यांच्या पोटात अंडी असतात, आणि त्या काळात आम्ही तलावावर गेलो तरी रिकाम्या हाताने जातो. संस्थेचे एक वयस्क सभासद, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, नवरात्र उलटले की निरोप पाठवतात, आणि मग पेंड भिजत घालायची पाळी कोणाची, यावर पुन्हा चर्चा सुरू होते.

नमस्कार.