यादीला महिना हवा

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडं कुणालाही विचारून बघा, "आयुष्यात काय काय करायचं राहिलंय?" उत्तराआधी एक अट पुढं येते. पोरीचं लग्न होऊ द्या. बोअरला पाणी लागू द्या. रिटायर होऊ द्या, मग बघू. काशी, रामेश्वर, समुद्र, विमानाचा प्रवास, पोहायला शिकणं, शाळेतल्या मैत्रिणीकडं दोन दिवस मुक्कामाला जाणं, सगळं त्या अटीच्या पलीकडं. हल्लीची मुलं याला बकेट लिस्ट म्हणतात, मोबाइलवर लिहून ठेवतात आणि तिशीच्या आतलं, चाळिशीच्या आतलं असे कप्पे पाडतात. यादी करण्याची ही रीत मला मनापासून आवडते. पण वयाचे कप्पे आपल्या मराठवाड्यात उपयोगाचे नाहीत, असं माझं ठाम मत आहे. इथं यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं महिना लिहावा लागतो.

नळदुर्गच बघा. धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा किल्ला. बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, तिथं दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या काढल्या. तो पाणी महाल. नदी भरून आली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी धबधबा म्हणतात. तुम्ही आत सज्जात उभे, समोर पाण्याचा पडदा, आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि आतली फरशी मात्र कोरडी. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचं हे काम बघून मन भरून येतं. पण हे बघायला मिळतं केव्हा? वरचं कुरनूरचं धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं तरच. पाऊस कमी झालेल्या वर्षी नर-मादी वाहतच नाहीत. म्हणजे नळदुर्ग यादीत लिहिताना 'पन्नाशीच्या आत' असं लिहून काय होणार? भाद्रपद लिहायचा, धरण भरल्याची बातमी कानावर आली की त्याच आठवड्यात निघायचं, आणि नाही भरलं तर पुढच्या भाद्रपदाकडं डोळे लावायचे.

मला हे खऱ्या अर्थानं पटलं ते मात्र याहून कितीतरी लहान गोष्टीमुळं.

आमच्या घरात याद्यांचा विषय निघाला तेव्हा मी सासूबाईंनाही विचारलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. आधी म्हणाल्या, "मला काय पाहिजे आता? सगळं झालं की." मग एक दिवस भाकरी थापता थापता आपण होऊन बोलल्या, "माहेरच्या रानात एकदा येळवस करायचीय."

लातूर-धाराशिवच्या श्रोत्यांना लगेच समजलं असेल. इतरांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे आमची वेळा अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहरात रस्ते ओस पडतात, कारण झाडून सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, मेथी, शेंगदाणे, चिंच घालून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेली ताकाची आंबील. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारी, मित्र हाताला धरून नेतात.

आता बघा, सण प्रत्येकानं आपापल्या शेतात करायचा. म्हणजे लग्न होऊन आलेल्या बाईची येळवस सासरच्या रानात. पहाटे उठून भज्जी रांधायची ती सासरच्या चुलीवर. दिवाळीला माहेर मिळतं, पंचमीला मिळतं. येळवशीला मिळत नाही. सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यात, एसटीनं फार लांब नाही, आणि तरी लग्न झाल्यापासून त्या दिवशीचं माहेरचं रान त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणी अडवलं होतं असंही नाही. त्यांनी मागितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट. अडचण वेगळीच होती. त्या दिवशी इथलं कोण बघणार? बाईच्या यादीतली कुठलीही ओळ घ्या, तिची खरी किंमत ही असते. म्हणून महिन्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट लिहायला मी सगळ्यांना सांगते: तेवढे दिवस घरचं काम कोण उचलणार, त्याचं नाव. आमच्या शेतावरची भज्जी त्या वर्षी जाऊबाईंनी केली, पाणी आणि सरपण दिरांनी सांभाळलं, आणि मी सासूबाईंना घेऊन आदल्या दिवशीच निघाले.

भाच्याच्या शेतात पोचल्यावर त्या कोपीत बसल्याच नाहीत. बांधावरून चालत सुटल्या. इथं आंब्याचं झाड होतं, इथं मोटेची विहीर होती, असं एकेक दाखवत. भाचेसुनेनं आंबील दिली तर घोट घेऊन म्हणाल्या, "आणखी एक रात आंबायला पाहिजे होती, बाळा." आणि मग पुन्हा वाटी पुढं केली. दुपार कलल्यावर पिकात आंबील शिंपडत फिरतात. त्यांच्या लहानपणी हे काम भावांचं. पोरी कोपीपाशी उभ्या राहून बघायच्या. भाच्यानं मडकं उचललं तसं सासूबाईंनी हात पुढं केला. "दे इकडं." त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. हरभऱ्याच्या ओळींतून त्या सावकाश शिंपडत गेल्या, लुगड्याचा काठ हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट ओलीनं भिजलेला, आणि मागून भाच्याची पोरं ओरडत चाललेली. शेताच्या चारी कडा पुऱ्या केल्याशिवाय त्यांनी मडकं खाली ठेवलं नाही.

लहान गोष्टी यादीत मागं पडतात त्या अशा. विमानाला पैसे लागतात म्हणून त्याचा निदान हिशोब तरी होतो. हाताशी असलेल्या गोष्टीचा हिशोब कुणी मांडत नाही, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. छत्रपती संभाजीनगरात जन्म घालवलेली माणसं मला भेटली आहेत, ज्यांनी वेरूळ शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलं नाही. तीस किलोमीटरवर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं कैलास लेणं आहे. अख्खा डोंगर कळसापासून खाली कोरत आणून उभं केलेलं मंदिर. श्रावणात जा. एकोणतिसाव्या लेण्याजवळ, सीता की न्हाणीपाशी, धबधबा पडत असतो. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळ बंद असतं.

मोठ्या इच्छांचं काय, असं कुणी विचारेल. मोठ्या इच्छेचा तुकडा पाडता येतो. पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते, बीड जिल्ह्यातल्या डोंगराळ वाटेनं, परांड्यावरून. पेरणीच्या दिवसांत सगळी वारी चालणं कितीतरी शेतकऱ्यांना शक्य नसतं. मग एक मुक्काम ते दुसरा मुक्काम एवढं चाला. ती वारी अर्धवट आहे असं मी तरी मानत नाही. पायाला फोड तेवढ्यातही येतात, आणि रात्री अनोळखी माणसाच्या ओसरीवर पाठ टेकायला मिळते.

बाकी महिने भराभर सांगते. पौष-माघात हुरडा, कणीस दुधाळ असतं तेवढेच दिवस, ज्वारी निबर झाली की गेला. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून जेमिनिड उल्कांचा वर्षाव होतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. चंद्र नसेल तर गावाकडच्या माळवदावर वाकळ अंथरून पडावं. दुर्बीण लागत नाही, खर्च शून्य. आमच्याकडच्या अंधाराइतका चांगला अंधार पुण्या-मुंबईच्या लोकांना विकत घेऊनही मिळायचा नाही.

वयाचा कप्पा जिथं खरंच लागतो अशी एक गोष्ट मात्र आहे: रक्तदान. अठरा ते पासष्ट, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. माझ्या यादीत हे फार वर्षं होतं आणि दर वेळी हिमोग्लोबिन कमी भरायचं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घेतल्या, आहार सुधारला, आणि गेल्या पावसाळ्यात एकदाची पिशवी भरली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो अजिंठ्याच्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र पाहताना झाला होता त्याच तोलाचा. आपल्या बायकांच्या याद्यांत ही ओळ असावी असं मला फार वाटतं, कारण तिच्या निमित्तानं आपलं हिमोग्लोबिन किती आहे हे तरी आपल्याला कळतं.

सध्या आमच्याकडं पुढची ओळ जायकवाडीची आहे. थंडीत तिथल्या धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर, पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून आलेले हंसकुळातले पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यावरून ओळखायचे. महिना जानेवारी ठरलाय. घरचं काम या खेपेला मी उचलणार आहे, कारण जायचंय जाऊबाईंना.

नमस्कार.