शेकडा किती?

(दृश्य: हर्णैचा किनारा, कलती उन्हं. होड्यांतलं म्हावरं बैलगाड्यांतून वाळूवर येतंय. ढिगांभोवती बायकांचं कडं.)

निवेदन: इथल्या लिलावात बोली तुटली की पैसे लागतात. मासळी विकणाऱ्या बाईला ढिगाचे पैसे, वर बर्फ, वर रिक्षा-टेम्पोचं भाडं, हे सगळं मासा विकायच्या आधी मोजावं लागतं. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याच दोन महिन्यांत शाळा उघडतात, जाळी विणून घ्यायची असतात आणि पुढे गणपती उभे असतात. किनाऱ्यावर कर्ज निघतं ते बहुतेक याच दिवसांत.

आणि दर विचारला तर उत्तर येतं, ‘शेकडा दहा.’ शंभराला दहा रुपये, दर महिन्याला. वर्षाचं कोणी बोलत नाही.

(दृश्य: वहीच्या पानावर आकडे लिहिणारा हात.)

वीस हजारांचा व्यवहार बघू. सावकार पहिल्या महिन्याचे दोन हजार आधीच कापून घेतो. हातात अठरा हजार, व्याज मात्र वीस हजारांवर. म्हणजे दर महिन्याला दहा नाही, अकरा टक्क्यांच्या वर पडला. दहा वेळा व्याज भरलं की वीस हजार गेले, आणि मुद्दल जिथल्या तिथे.

(दृश्य: तालुक्याच्या गावातली सराफ पेढी. भिंतीवर परवाना.)

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४. त्याआधी १९४६चा मुंबई सावकार कायदा होता. नव्या कायद्याखाली सरकारने दर ठरवून दिले: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. बाकीच्यांना तारणावर १५, विनातारण १८. चक्रवाढ लावायची नाही. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, म्हणजे आपला जुना दामदुप्पट. (गंमत अशी की ब्रिटनने २०१५ मध्ये अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांना लगाम घातला तेव्हा हाच नियम केला: व्याज आणि शुल्क मिळून घेतलेल्या रकमेच्या वर जाता कामा नये.) विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता १८ टक्क्यांचा हिशोब सावकाराच्या बाजूने मांडू. दहा हजार रुपये, तीन महिने, तीन सारखे हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज दीडशे, दुसऱ्याचं शंभर, तिसऱ्याचं पन्नास. एकूण तीनशे रुपये. तेवढ्यात कागद करायचे, पावती द्यायची, वसुलीला तीनदा माणूस पाठवायचा आणि स्वतःच्या पैशावर काही सुटलंही पाहिजे. असं एक कर्ज पूर्ण बुडालं तर ते भरून काढायला तेहतीस कर्जांचं व्याज लागतं. म्हणून परवाना असलेला माणूस विनातारण छोट्या कर्जाच्या वाटेला सहसा जात नाही. तो सोनं ठेवून घेतो. सोन्यावर १५ टक्के परवडतात, कारण सोनं बुडत नाही. ज्या बाईच्या गळ्यात काही उरलेलं नाही, ती त्याच्या दारातून परत फिरते आणि शेकडा दहावाल्याकडे जाते. मर्यादा तिच्यासाठीच घातली होती, आणि तिच्याच वाट्याला ती येत नाही.

मर्यादा चुकवायची रीतही ठरलेली आहे. वीस हजार द्यायचे, कागदावर तीस लिहायचे, दर १८ दाखवायचा. सोबत कोरा धनादेश, सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर. त्याहून वाईट म्हणजे गहाणखताऐवजी घराच्या जागेचं किंवा कलमांच्या बागेचं थेट खरेदीखत. ‘पैसे फेडलेस की परत लिहून देतो,’ हे फक्त तोंडी. हे मात्र कायद्याने ओळखलेलं आहे. सावकारीतून अशी बळकावलेली जमीन-जागा असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारांबाबत सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली की खत रद्द ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. अर्जाला जोडायला खताची नक्कल, पैसे दिल्या-घेतल्याचा कुठलाही पुरावा, आणि त्या काळातही ताबा आपलाच होता हे दाखवणारं काहीही: घरपट्टीची पावती, विजेचं बिल.

(दृश्य: वाडीतलं अंगण. गटाची बैठक, मधोमध हप्त्यांची कार्डं.)

दुसरं दार मायक्रोफायनान्स कंपन्यांचं, म्हणजे वाडीत गट करून छोटी कर्जं देणाऱ्यांचं. त्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांवर राज्यांचे सावकारी कायदे चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये या कंपन्यांना २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. नंतर ती निधीच्या खर्चाशी, म्हणजे कंपनीला स्वतःला पैसे ज्या दराने मिळतात त्याच्याशी जोडली आणि १ एप्रिल २०२२ पासून काढूनच टाकली. दराच्या जागी दुसरं बंधन आलं: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. महिन्याला पंधरा हजार येत असतील तर साडेसात हजार ही हद्द. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

म्हणजे दर मोकळा सोडला आणि बोजा बांधला. कल्पना वाईट नाही. पण उत्पन्न मोजणार कोण? कोळणीच्या घराला मिळकतीचा दाखला नसतो. आकडा भरतो कंपनीचा माणूस, आणि त्याला कर्ज द्यायचं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं देणं थांबवायला लावलं. कारणं दोन्ही होती: अवाच्या सवा दर, आणि उत्पन्नाचा नीट हिशोब न करणं.

(दृश्य: कर्जाचा कागद जवळून. बोट एका ओळीवर.)

‘१२ टक्के’ हा शब्द इथे नीट ऐकायचा. तीस हजार, दोन वर्षं, बारा टक्के ‘फ्लॅट’. व्याज पूर्ण मुद्दलावर दोन्ही वर्षं लागतं: ७,२०० रुपये. हप्ता १,५५०. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं, त्यामुळे शिल्लक रकमेवर हा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. त्यात प्रक्रिया शुल्क २ टक्के, त्यावर जीएसटी, असे ७०८ रुपये आणि विम्याचे ६०० कापले, तर हातात येतात २८,६९२. हप्ता तोच. आता दर २६ टक्क्यांच्या वर.

हा शेवटचा आकडा कंपनीने लिहून द्यायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत ठळक बाबींचं पत्रक सक्तीचं आहे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात ‘वार्षिक टक्केवारी दर’ अशी ओळ असते, शुल्क आणि विमा धरून. नजर तिथेच टाकायची, व्याजदराच्या ओळीवर नाही. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. पत्रकात नसलेलं शुल्क नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. हप्ता चुकला तर ठरलेला दंड घेता येतो, पण दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, माहितीसाठी फोन १४४४८.

(दृश्य: पुन्हा हर्णै. गाडीत बर्फ भरला जातोय.)

तिसरं दार दिसतच नाही. होडीवाला मोसमाआधी व्यापाऱ्याकडून दोन लाखांची उचल घेतो. व्याज शून्य. अट एकच: म्हावरं त्यालाच घालायचं. समजा किलोमागे तो चालू भावापेक्षा दहा रुपये कमी देतो आणि मोसमात सहा हजार किलो जातं. साठ हजार रुपये झाले. दोन लाखांवर दहा महिन्यांत तीस टक्के, म्हणजे वर्षाचे छत्तीस. वाशीच्या दलालाकडून पेट्यांवर आगाऊ पैसे उचलणाऱ्या आंबा बागायतदाराचं गणितही याच वळणाचं. यात व्याज हा शब्दच नाही, त्यामुळे दराच्या मर्यादेला धरायला काही सापडत नाही.

शोधायचा उपाय साधा आहे, पण रोजचा. होडीत एक वही ठेवायची. तीन रकाने: किती किलो दिलं, त्या दिवशी लिलावात भाव काय फुटला, आपल्याला काय मिळाला. एकाच जातीचा, एकाच आकाराचा मासा धरायचा, नाहीतर पापलेटचा भाव बांगड्याला लावला जातो आणि भांडण आपल्यावर उलटतं. ३१ मेला फरकांची बेरीज करायची, उचलीच्या रकमेने भागायचं, आणि तो कागद खिशात घालून बँकेत मत्स्यव्यवसायाच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करायला जायचं. वेळेवर फेडणाऱ्याला सवलत धरून ते चार टक्क्यांत पडू शकतं. फक्त जूनच्या आधी जायचं. बंदी लागली की उचल देणारा दारात येतो, बँकेच्या कागदांना वेळ लागतो.