माळवदाचं घर वाचवायचंय? आधी खांबाचा पाय बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "गावाकडं जुनं माळवदाचं घर आहे, ओल येतेय, सिमेंट मारून घेऊ का?" थांबा, आधी ऐका.

बेसिक पटकन. मराठवाड्यातलं खणाचं घर म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळया म्हणजे जाड आडवी लाकडं, मग कड्या म्हणजे त्यांवरची बारीक लाकडं, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, हे सपाट मातीचं छत म्हणजेच माळवद. भिंतीलगतपण खांब असतील तर छताचं ओझं त्या सांगाड्यावर असतं, दगडी भिंतीवर नाही.

आता मुद्द्याचं. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर उभा असतो, कारण लाकूड खालच्या टोकाकडून पाणी वर ओढतं आणि तळखडा ते अडवतो. तुम्ही काय करता, फरशी बसवायची म्हणून जमीन वर घेता, तळखडा गायब, खांबाचा पाय कोब्यात! एकाने लिहिलंय, "खांब हलत होता म्हणून भोवती काँक्रीट भरलं." अहो, आत शिरलेलं पाणी आता बाहेर कुठून जाणार? पाय आतल्या आत कुजणार आणि तुम्हाला दिसणारपण नाही. भिंतीतल्या खांबांचं तेच, वरून प्लास्टर केलं की वाळवी लागली तरी कळत नाही. पाय मोकळा ठेवा, दिसता ठेवा, हवा लागू द्या.

आमच्या आत्याकडं दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवीन माती पडायची, जुनी कुणी काढायचंच नाही. असं करत करत थर हात-दीड हात होतो हो, आणि ते सगळं वजन त्याच खांबांवर.

आणि "लाकडी घरं किल्लारीला पडलीच ना" म्हणणाऱ्यांनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माणसं मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंती आणि जड छताखाली सापडली. त्या भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर आरपार दगडांनी बांधलेलेच नव्हते, ते सुटले. काही घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला. लाकडाला कशाला दोष देता?

स्क्रूड्रायव्हर खांबाच्या पायात टोचून बघा. सहज आत गेला तर जाणता सुतार बोलवा, आधी तुळईला टेकू, मगच कुजका भाग कापून नवीन लाकडाचा सांधा. टेकूशिवाय कुणालाही खांबाला हात लावू देऊ नका. आणि प्रश्न विचारताना भिंतीचा नाही, तळखड्याचा फोटो पाठवा.