सुवर्ण मिळालं, पण पुढे जायचं नाही

मघाशी आत येताना एकाने विचारलं, "युफोनियम म्हणजे नक्की काय हो?" लग्नाच्या वरातीतला बँड आठवा. ट्रम्पेटवाले पुढे भाव खात असतात आणि मागे कुणीतरी जाडजूड पितळी वाद्य कडेवर मूल घ्यावं तसं धरून फुंकत असतो. बऱ्याचदा तेच युफोनियम असतं. आवाज मऊ, भरीव. पण कान देऊन शोधावा लागतो.

'हिबिके! युफोनियम' या ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेची, नायिका कुमिको हेच वाद्य वाजवते. क्योतोजवळचं उजी गाव, तिथलं किताउजी हायस्कूल, शाळेचा बँड. मालिका क्योतो ॲनिमेशनची. सीझन २०१५, २०१६ आणि २०२४ चे. मधे, १८ जुलै २०१९ ला, या स्टुडिओला आग लावली गेली आणि ३६ माणसं गेली. तिसरा सीझन बघताना ते डोक्यातून जात नाही.

आता सुरुवातच बघा. कुमिको अजून मिडल स्कूलमध्ये आहे, बँड स्पर्धेचा निकाल लागतोय. जपानीत सुवर्ण म्हणजे 'किन' आणि रौप्य म्हणजे 'गिन', ऐकताना गफलत व्हायचीच. म्हणून तिथे निकाल सांगताना 'गोल्ड' असं वेगळं म्हणतात. यांना सुवर्ण मिळतं. पण सुवर्ण मिळालेले सगळेच पुढच्या फेरीत जात नाहीत, आणि यांचं नाव पुढे जात नाही. शेजारी ट्रम्पेटवाली रेइना रडतेय. कुमिकोला वाटतं ती आनंदाने रडतेय. तसं नसतं. आणि मग कुमिकोच्या तोंडून निघून जातं: तुला खरंच वाटलं होतं, आपण राष्ट्रीय स्पर्धेला जाऊ? बोलून गेली, झालं! पुढे हायस्कूलमध्ये त्याच रेइनाबरोबर तिला एकाच बँडमध्ये वाजवायचंय.

हायस्कूलमध्ये ताकी नावाचे नवे सर येतात. बोलणं गोड, मोजमाप निर्दय. स्पर्धेत कोण वाजवणार हे ऑडिशनवर ठरणार, ज्येष्ठतेवर नाही. ट्रम्पेटचा सोलो पहिल्या वर्षाच्या रेइनाला मिळतो. तिसऱ्या वर्षाच्या काओरीची ही शेवटची संधी. कुजबुज होते, भांडणं होतात, शेवटी सभागृहात सगळ्यांसमोर पुन्हा ऑडिशन. दोघी वाजवतात. टाळ्या वाजवून निवड करा म्हटल्यावर दोन्हीकडे एखाददुसरीच टाळी; बाकीचे गप्प. मग सर काओरीलाच विचारतात, सोलो तू वाजवशील का? ती नाही म्हणते. फरक तिनेही ऐकलेला असतो. मला विचाराल तर शाळेवरच्या कितीतरी मालिकांत या जागी मैत्रीचं भाषण झालं असतं.

आणि एक प्रसंग, बाराव्या भागातला. सरांनी एका अवघड जागी युफोनियमची भर घातलीय. कुमिको उन्हात घासत बसते, नाकातून रक्त येईपर्यंत. एवढं करून सर शांतपणे सांगतात, तिथे तू वाजवू नकोस, ते तुझी सीनियर एकटी वाजवेल. त्या रात्री ती उजीच्या पुलावरून धावत सुटते आणि ओरडते: मला चांगलं वाजवता यायला हवं! हीच मुलगी, जिने वर्षापूर्वी 'खरंच वाटलं होतं का' विचारलं होतं.

तिसऱ्या सीझनचा शेवट मूळ कादंबरीपेक्षा वेगळा केलाय. तो मी सांगणार नाही; तिथेही ऑडिशनच आहे, पडद्याआड, आणि मी तो भाग मधेच थांबवून पाणी प्यायला उठलो होतो.